वाचक विचारतात : कंपनीला लिहायचं, पण नेमकं काय?

या वेळच्या पत्रांत एक सूर वारंवार आला. कंपनीला कळवलं, 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद' असं उत्तर आलं आणि पुढे काही हललं नाही. म्हणून या अंकात याच विषयाचे प्रश्न घेतले आहेत. पर्यावरणाचे आणि सेवेचे प्रश्न वेगळे काढलेले नाहीत, कारण कंपनीत ते एकाच खिडकीतून आत जातात.

प्रश्न : तळहाताएवढी वस्तू मागवली तरी ती भल्यामोठ्या खोक्यात, हवेच्या पिशव्यांत बुडून येते. दोनदा मेल केला. दोन्ही वेळा ठरीव उत्तर. काय लिहिलं असतं तर फरक पडला असता?

उत्तर : तुम्ही बहुधा 'इतकं प्लास्टिक कशाला, जरा पर्यावरणाचा विचार करा' अशा धर्तीवर लिहिलं असावं. त्यात चूक काही नाही, पण तो मेल ज्याच्यासमोर उघडतो त्याची अडचण लक्षात घ्या. कस्टमर केअरच्या कर्मचाऱ्यापुढे कारणांची एक तयार यादी असते : उशीर, मोडतोड, चुकीची वस्तू, परतावा, इतर. आलेला मेल त्यातल्या एका कप्प्यात टाकायचा आणि उत्तर धाडायचं, एवढंच त्याच्या हातात असतं. कळकळीने लिहिलेला, पण नोंदून घेण्यासारखं काही नसलेला मेल 'इतर'मध्ये जातो, आणि 'इतर'चा कप्पा क्वचितच कोणी उपसतं.

आता खोकं मोठं का येतं ते पाहू. गोदामात खोक्यांचे मोजकेच आकार ठेवलेले असतात. कोणत्या वस्तूला कोणतं खोकं, हे मोठ्या गोदामांत बहुधा पॅकिंग करणारा माणूस ठरवत नाही, संगणक ठरवतो. त्यासाठी तो वस्तूची नोंदवलेली लांबी-रुंदी-उंची वापरतो. ही मापं कोणीतरी एकदाच भरून ठेवलेली असतात. तिथे सेंटिमीटरच्या रकान्यात मिलिमीटरचा आकडा पडला, किंवा एका नगाऐवजी दहा नगांच्या पेटीचं माप भरलं गेलं, की ती वस्तू प्रत्येक गिऱ्हाइकाला मोठ्याच खोक्यात जाणार. पॅकिंगवाल्याला ते दिसतं, पण पडद्यावर आलेलं खोकं बदलायची मुभा त्याला बहुतेकदा नसते. माप दुरुस्त करणं हे काही मिनिटांचं काम आहे. अडतं ते कोणत्या वस्तूचं माप चुकलंय हे कोणी सांगत नाही म्हणून.

ते तुम्ही सांगा. वस्तूचं माप घ्या आणि खोक्याचं बाहेरून माप घ्या, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. उघड्या खोक्यात वस्तू ठेवून शेजारी मोजपट्टी दिसेल असा एक फोटो काढा. खोक्याच्या तळाच्या झडपेवर बहुधा एक छोटा कोड छापलेला असतो, तो आकाराचा असू शकतो. तोही उतरवून घ्या. मग एक हिशेब करा. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि 'व्हॉल्युमेट्रिक वजन' यांपैकी जे जास्त त्याचे पैसे लावतात. व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणजे लांबी × रुंदी × उंची भागिले ५०००. भाजक काही ठिकाणी ४००० किंवा ६००० असतो, पण ५००० सर्रास चालतो. ४० × ३० × २० चं खोकं म्हणजे २४,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ४.८ किलो. तीच वस्तू १८ × १४ × ८ च्या खोक्यात बसत असेल तर २०१६ भागिले ५०००, साधारण ०.४ किलो. थेट बारा पट फरक. ज्याला प्लास्टिकचं काही पडलेलं नाही अशा व्यवस्थापकालाही हा आकडा वाचता येतो.

मेल एवढाच असावा :

'ऑर्डर क्रमांक अमुक, वस्तू कोड अमुक. वस्तूचं माप १२ × १० × ४ सेंमी. खोकं ४० × ३० × २० सेंमी, तळाचा कोड अमुक. मोजपट्टीसह फोटो सोबत आहे. या खोक्याचं व्हॉल्युमेट्रिक वजन ४.८ किलो होतं. १८ × १४ × ८ च्या खोक्यात ते सुमारे ०.४ किलो झालं असतं. या वस्तूचं नोंदवलेलं माप तपासावं आणि दुरुस्ती झाली की कळवावं. हा मेल कृपया पॅकेजिंग किंवा गोदाम विभागाकडे पाठवावा.'

खोकं किती लहान मागायचं यालाही मर्यादा आहे. पत्त्याचं लेबल साधारण १० × १५ सेंटिमीटरचं असतं आणि ते एका सपाट बाजूवर बसावं लागतं. कडेवर दुमडलं तर स्कॅनर बारकोड वाचत नाही. म्हणून काड्यापेटीएवढी वस्तू काड्यापेटीएवढ्याच खोक्यात का येत नाही, असं विचारू नका. तिथे पातळ पाकीट सुचवा.

प्रश्न : प्रत्येक खरेदीनंतर '० ते १०' गुण द्या म्हणून मागे लागतात. मी समजून-उमजून ७ किंवा ८ देते. त्याचं पुढे काय होतं?

उत्तर : प्रश्न 'आमची शिफारस मित्राला कराल का' असा असेल, तर तुमचे ७-८ थेट मोजलेच जात नाहीत. ही पद्धत फ्रेड रायखेल्ड या व्यवस्थापन सल्लागाराने २००३ मध्ये मांडली आणि तेव्हापासून ती जगभर चालते. ९ आणि १० देणारे 'प्रवर्तक', ० ते ६ देणारे 'निंदक', ७-८ वाले तटस्थ. प्रवर्तकांच्या टक्केवारीतून निंदकांची टक्केवारी वजा केली की कंपनीचा गुणांक निघतो. शंभरात ५० प्रवर्तक, ३० तटस्थ आणि २० निंदक असतील तर गुणांक ३०. ते तीस तटस्थ बेरजेतही नाहीत आणि वजाबाकीतही नाहीत, फक्त एकूण शंभरात धरलेले असतात.

त्यामुळे खरोखर समाधान असेल तर ९ द्या आणि नसेल तर ६. शाळेतल्या पेपरासारखा विचार इथे कामाचा नाही. मात्र फोनवरच्या बोलण्यानंतर येणारा सर्व्हे वेगळा असतो. तो गुण बहुधा त्या कर्मचाऱ्याच्या नावावर चढतो. तुमचा राग पॅकिंगवर असेल आणि तुम्ही तिथे २ दिले, तर फटका बसतो तुमच्याशी नीट बोललेल्या मुलीला, आणि पॅकिंग जिथल्या तिथे. अशा वेळी माणसाला योग्य ते गुण द्या आणि खालच्या चौकटीत लिहा : 'गुण संभाषणासाठी. तक्रार पॅकिंगबद्दल आहे, ती अशी...' ती चौकट रिकामी सोडू नका. गुण घसरला हे आकड्यावरून कळतं, का घसरला हे त्या दोन ओळींवरूनच कळतं.

प्रश्न : पंपाच्या बाटलीत शांपू, लोशन तळाशी उरतं, पंप नुसती हवा फेकतो. 'बरंच उरतं' असं कळवलं तर 'बाटली उलटी ठेवा' असा सल्ला मिळाला.

उत्तर : 'बरंच' हा शब्द काढा आणि ग्रॅम लिहा. १ ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. पंप फक्त हवा देऊ लागला की पंपासकट बाटलीचं वजन करा. मग उरलेला माल वाटीत निथळून घ्या आणि वापरा. पंप पाण्यात बुडवून दहा-पंधरा वेळा दाबून आतून धुवा, बाटली धुवा, दोन्ही पूर्ण वाळवा आणि परत वजन करा. वाळवण्याची घाई करू नका. आत थोडं पाणी राहिलं तरी रिकाम्या बाटलीचं वजन वाढतं आणि उरलेला माल कमी दिसतो. समजा, पहिलं वजन १०२ ग्रॅम आणि दुसरं ७१. फरक ३१ ग्रॅम. शांपू-लोशनचा एक मिलिलीटर ढोबळमानाने एक ग्रॅम धरला, तर ५०० मिलिलीटरच्या बाटलीत सुमारे ६ टक्के माल पैसे देऊनही हाती लागला नाही. एका बाटलीवरून बोलू नका; दोन मोजा आणि दोन्हींचे बॅच नंबर द्या.

उरतं का? एक तर पंपाची नळी आखूड कापलेली असते. तोच पंप कंपनी दोन उंचींच्या बाटल्यांना लावते आणि नळी लहान बाटलीच्या मापाची ठेवते, असंही घडतं. दुसरं, नळीचं टोक सरळ कापलेलं असलं की ते तळाला टेकून बंद होऊ नये म्हणून वर ठेवावं लागतं. तिरकं कापलं तर तळापर्यंत नेता येतं. तिसरं, तळ मध्ये फुगीर असेल तर माल कडेच्या खाचेत जमतो आणि नळी मधल्या उंचवट्यावर उभी राहते. तुमच्या बाटलीत यांपैकी काय दिसतं ते लिहिलंत, तर पत्र थेट पॅकेजिंगच्या इंजिनिअरला समजेल अशा भाषेत होतं.

आता त्याच पत्रात एक मागणी जोडा, आणि एकच. साध्या झाकणाची बाटली किंवा रिफिल पाऊच विकावं, म्हणजे जुना पंप परत वापरता येईल. पंप हा त्या बाटलीतला सगळ्यात अवघड भाग आहे. त्यात दोन-तीन प्रकारचं प्लास्टिक, बहुधा धातूची स्प्रिंग आणि कधी काच किंवा धातूची गोळी असते, आणि ते सुटं करत बसायला पुनर्वापराच्या कारखान्यात कोणाला वेळ नाही. बाटली घेतात आणि पंप फेकतात. साधं झाकण मागताना 'बाटलीच्या गळ्याचं माप बदलू नका' हेही सांगा. २४/४१० किंवा २८/४१० अशी ही मापं असतात, पहिला आकडा गळ्याचा मिलिमीटरमधला व्यास. गळा २४ वरून २८ झाला की तुमचा जुना पंप गेला कचऱ्यात.

प्रश्न : पिशवीवर 'जैवविघटनशील, पर्यावरणस्नेही' असं छापलेलं आहे. विश्वास ठेवावा का? कंपनीला काय विचारावं?

उत्तर : 'पर्यावरणस्नेही' या शब्दाला मोजमाप नाही. स्वतःहून केलेल्या पर्यावरणविषयक दाव्यांसाठीच्या आयएसओ १४०२१ या मानकात असे मोघम दावे करू नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हा पहिला प्रश्न : हा दावा पिशवीबद्दल आहे की आतल्या वस्तूबद्दल, आणि कोणत्या मानकानुसार?

'जैवविघटनशील'ला आणखी तीन प्रश्न लावा : कुठे, किती दिवसांत, किती टक्के? नमुना म्हणून कंपोस्ट होणाऱ्या पॅकेजिंगसाठीचं युरोपचं ईएन १३४३२ हे मानक बघा. त्यात औद्योगिक कंपोस्टिंगमध्ये सहा महिन्यांच्या आत ९० टक्के जैवविघटन आणि १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त तुकडे न राहणं, अशा अटी आहेत. औद्योगिक कंपोस्ट साधारण ५८ अंश सेल्सिअसला ठेवतात. घरच्या कुंडीतला ढीग तेवढा तापत नाही, तापला तरी टिकत नाही, म्हणून तीच पिशवी कुंडीत वर्षभर जशीच्या तशी पडून राहू शकते. कंपनीचं उत्तर 'नैसर्गिकरीत्या विरघळते' एवढंच आलं, तर दाव्याला आधार नाही असं समजा. 'ऑक्सो-डिग्रेडेबल' असा शब्द आला तर आणखी सावध व्हा : ते साधंच प्लास्टिक असतं, त्यात तुकडे लवकर पडावेत म्हणून रसायन घातलेलं. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून अशा वस्तू बाजारात आणायला बंदी घातली.

'५० टक्के रिसायकल्ड'लाही एक प्रश्न पुरतो : यातलं वापरून झालेल्या मालातलं किती आणि कारखान्याच्या कातरणातलं किती? एकाच यंत्रातून निघालेला चुरा त्याच यंत्रात परत घालणं हे आयएसओ १४०२१ नुसार रिसायकल्डमध्ये धरतच नाहीत.

प्रश्न : बाटलीच्या तळाला त्रिकोणात १ आहे, तरी भंगारवाला ती घेत नाही. चूक कोणाची?

उत्तर : बहुधा लेबलाची, म्हणजे बाटलीवरच्या खोळीची. त्रिकोणातला आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. १ म्हणजे पीईटी, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, असं ७ पर्यंत. पुनर्वापर होईलच असं तो सांगत नाही. तुमच्या बाटलीवर गळ्यापासून तळापर्यंत आवळून बसवलेली रंगीत खोळ आहे का ते पाहा. कारखान्यात बाटल्या ओळखणारं यंत्र अवरक्त किरण टाकून प्लास्टिकचा प्रकार ओळखतं. खोळीमुळे त्याला बाटली दिसतच नाही, खोळ दिसते. खोळ पीव्हीसीची असली तर त्याहून वाईट. चुरा केल्यावर तो पाण्याच्या टाकीत सोडतात. झाकणाचं प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं आणि वेगळं काढता येतं. पीईटी आणि पीव्हीसी दोन्ही पाण्यापेक्षा जड, आणि त्यांची घनता जवळजवळ सारखी. दोन्ही एकत्र तळाशी बसतात. मग पीईटी वितळवताना थोडंसं पीव्हीसीसुद्धा जळून आम्ल सोडतं आणि सगळा घाणा पिवळा-तपकिरी होतो.

कंपनीला मागा : अर्धी खोळ, किंवा तरंगणाऱ्या प्लास्टिकची खोळ, किंवा निदान फाडायची टिंबांची रेघ आणि 'आधी खोळ काढा' ही सूचना ठळक. काळ्या ट्रेबद्दलही असंच. काळा रंग कार्बनचा असला तर तो ते किरण शोषून घेतो आणि ट्रे यंत्राला अदृश्य होतो. पारदर्शक ट्रे मागितला की काम झालं.

प्रश्न : एखाद्या कंपनीने चांगला बदल केला तर कळवायचं का? ते जाहिरातीत वापरतील, आपल्याला काय मिळणार?

उत्तर : बदल टिकला, हे मिळेल. २०१० मध्ये अमेरिकेत फ्रिटो-ले या चिप्स बनवणाऱ्या कंपनीने सनचिप्ससाठी कंपोस्ट होणारी पिशवी आणली. ती पीएलए या वनस्पतिजन्य प्लास्टिकची होती. पीएलए नेहमीच्या तापमानाला ताठ असतं, त्यामुळे पिशवी हाताळली की कर्कश आवाज व्हायचा. आवाजाच्या तक्रारींचा आणि थट्टेचा असा पाऊस पडला की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने बहुतेक चवींसाठी जुनी पिशवी परत आणली. ज्यांना नवी पिशवी आवडली होती ते गप्प होते, आणि गप्प राहणाऱ्यांची नोंद होत नाही.

शाबासकीही मोजून द्या. 'फार छान' नको. 'हवेच्या पिशव्यांऐवजी कागदी लगदा वापरला, काचेची वस्तू शाबूत आली, ऑर्डर क्रमांक अमुक' असं हवं. नवं पॅकिंग बहुधा आधी थोड्या मालावर करून पाहतात, आणि ते पुढे न्यायचं की नाही याच्या बैठकीत 'मोडतोड वाढली का' हा पहिला प्रश्न असतो. तुमची ओळ तिथे कामाला येते.

दोष असेल तर आधी 'हे चालू ठेवा' लिहा, मग दोष. पाणी लावून चिकटवायची कागदी पट्टी सुटली, तर ती उलटून पाहा. पट्टीमागे खोक्याचे तंतू ओढून आले असतील तर चिकटवण नीट झालं होतं, पुठ्ठाच कमजोर. पट्टी स्वच्छ निघाली असेल तर तिला पाणी कमी लागलं किंवा पुठ्ठ्यावर धूळ होती. एका फोटोत हे दिसतं, आणि 'कागदी पट्टी कुचकामी, प्लास्टिकची परत आणा' असा निष्कर्ष काढायला कोणी धजत नाही.

प्रश्न : वॉशिंग मशीनचा एक भाग गेला. सर्व्हिसवाले म्हणतात, भाग मिळत नाही, नवं मशीन घ्या.

उत्तर : 'मिळत नाही' हे तोंडी मान्य करू नका. मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर देऊन कंपनीकडून लेखी मागा : भागाचा क्रमांक काय, तो बंद केलाय की फक्त साठा संपलाय, पर्यायी क्रमांक आहे का, आणि या मॉडेलचं उत्पादन कधी थांबलं? साठा संपला असेल तर महिना-दोन महिने थांबावं लागेल, भागच बंद झाला असेल तर अख्खं मशीन जाऊ शकतं. सर्किट बोर्ड गेला असेल तर आणखी एक विचारा : पूर्ण बोर्डच बदलावा लागेल की त्यावरचा रिले किंवा कपॅसिटर असा एखादा छोटा भाग? कंपनीचे लोक शक्यतो पूर्ण बोर्डच बदलतात, बाहेरचे चांगले कारागीर सुटा भाग बदलून देतात.

तुलनेसाठी युरोपचा नियम पत्रात जरूर लिहा. २०२१ पासून तिथे वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून किमान १० वर्षं मिळायला हवेत आणि मागणीनंतर १५ कामकाजाच्या दिवसांत पोचायला हवेत. हा नियम तुमच्याकडे लागू नसेलही. पण तीच कंपनी तिकडे हे करत असेल, तर इकडे का नाही, हे तिला लेखी विचारता येतं.

प्रश्न : आम्ही तीस जण मिळून एकच मजकूर पाठवावा का?

उत्तर : नको. शब्दशः सारखे मेल बहुतेकदा एकत्र बांधून एकच तक्रार म्हणून बंद करतात. मागणी एक ठेवा, पण प्रत्येकाने आपला ऑर्डर नंबर, आपला फोटो, आपले शब्द द्यावेत. आणि मुळात वस्तूच पुराव्याला असेल तर उत्तमच : अमेरिकेत मॅकडोनल्ड्सचे फोमचे डबे लोकांनी, त्यात शाळकरी मुलंही होती, टपालाने कंपनीलाच परत पाठवले होते. नोव्हेंबर १९९० मध्ये कंपनीने ते डबे बंद करत असल्याचं जाहीर केलं.

प्रश्न : तक्रार 'सोडवली' असं दाखवून परस्पर बंद करतात. पुन्हा नवी करावी का?

उत्तर : नवी केलीत तर तारीख नवी पडते आणि कंपनीच्या हिशेबात जुनी वेळेत सुटलेली ठरते. त्याच मेलला उत्तर द्या, विषयाच्या ओळीतला तक्रार क्रमांक तसाच ठेवा. बऱ्याच यंत्रणांत त्याने जुनी तक्रार परत उघडते, आणि परत उघडलेल्या तक्रारी वरिष्ठांच्या अहवालात वेगळ्या दिसतात. मात्र ही सोय काही दिवसांनी बंद होते, म्हणून आठवडाभर थांबू नका. दोन ओळी पुरेत : 'सुटलेली नाही. मी मागितलं होतं ते हे, मिळालं ते हे.' चॅटवर बोलणं झालं असेल तर खिडकी बंद करण्याआधी संभाषण मेलवर मागवा किंवा स्क्रीनशॉट घ्या. नंतर ते सहसा सापडत नाही.